सायलेन्सर बदलण्याआधी गाडीखाली एकदा वाका : बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या नव्या गाडीवाल्यांसाठी

दोन वर्षांपूर्वी मी केए-२२ पासिंगची एक सेकंड हँड हॅचबॅक घेतली. ११९७ सीसी, पेट्रोल, चार सिलिंडर, टर्बो नाही. आधीच्या मालकाने मॅनिफोल्डपासून शेवटच्या डब्यापर्यंत सगळं बदललेलं होतं. आवाज इतका भरदार, की ट्रायल घेतानाच मी व्यवहार पक्का करून टाकला. पुढच्या महिन्यात घरच्यांना घेऊन गोव्याला गेलो. जाताना उतार, त्यामुळे काही कळलं नाही. येताना चोर्ला घाट चढायला लागलो आणि गाडीने मान टाकली. एसी बंद केला, दुसऱ्या गिअरवर आलो, तरी ओढ नाही. आवाज मात्र डोंगरावर आदळून परत येत होता. त्याच मॉडेलची, कंपनीच्या सायलेन्सरची, आमच्याएवढीच माणसं भरलेली गाडी शेजारून शांतपणे पुढे निघून गेली.

त्यानंतर सहा महिने मी या एकाच विषयामागे होतो. तीन गॅरेजं झाली, दोनदा वेल्डिंग झालं आणि शेवटी गाडी होती तशी ओढायला लागली. त्या सहा महिन्यांत जे कळलं ते इथे क्रमाने लिहितो. लेख मुख्यतः टर्बो नसलेल्या छोट्या पेट्रोल गाड्यांसाठी आहे, कारण आपल्याकडे पहिली गाडी बहुतेकांची तीच असते. टर्बो आणि डिझेलवाल्यांसाठी पुढे वेगळं लिहिलंय.

१. गाडीखाली काय काय आहे ते ओळखा

आपल्याकडे मिस्त्री लोक इंजिनापासून मागच्या बंपरपर्यंतच्या सगळ्याला मिळून ‘सायलेन्सर’ म्हणतात. निम्मा गोंधळ तिथेच होतो. तुम्ही म्हणता सायलेन्सर बदला. एकजण मागचा डबा बदलतो, दुसरा कॅटकॉनसकट (धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) सगळं कापून टाकतो, आणि दोघांचंही म्हणणं असतं की तुम्हीच तसं सांगितलं होतं.

गाडी गार असताना रॅम्पवर चढवून घ्या आणि पुढून मागे बघत जा. इंजिनाला चिकटलेला असतो तो मॅनिफोल्ड. चारही सिलिंडरांच्या नळ्या इथे एकत्र येतात. त्याच्या तोंडाशी वायर लावलेला बोल्टसारखा भाग दिसेल, तो पहिला ऑक्सिजन सेन्सर. मग कॅटकॉन. आत मधाच्या पोळ्यासारखी चिनी मातीची जाळी, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा थर. कॅटकॉननंतर दुसरा सेन्सर. मग जाळीदार वेष्टणाचा फ्लेक्सिबल पाइप. इंजिन माउंटिंगवर हलतं आणि बॉडी हलत नाही, त्यातला झटका हा पाइप खातो. पुढे मधला छोटा डबा, म्हणजे रेझोनेटर, आणि शेवटी मागचा मोठा डबा. खरं तर सायलेन्सर म्हणायचं ते त्यालाच.

काही नव्या इंजिनांत मॅनिफोल्ड वेगळा नसतोच, तो हेडमध्येच ओतलेला असतो. फोक्सवॅगन-स्कोडाचं १.० टीएसआय हे त्यातलंच. अशा गाडीला कुणी ‘हेडर्स (म्हणजे बाहेरून बनवलेला मॅनिफोल्ड) बसवून देतो’ म्हणाला, तर त्याने ती गाडी उघडून बघितलेली नाही एवढं समजा.

२. धूर बाहेर कसा पडतो ते समजून घ्या, मग कुणी फसवणार नाही

गॅरेजमध्ये दोन वाक्यं हमखास ऐकायला मिळतात. एक, ‘नळी जेवढी मोठी तेवढी पॉवर जास्त.’ दुसरं, ‘इंजिनाला बॅक प्रेशर लागतंच की.’ बॅक प्रेशर म्हणजे धूर अडल्यामुळे इंजिनावर उलटा येणारा दाब. दोन्ही वाक्यं अर्धवट आहेत.

इंजिनातून धूर नळाच्या पाण्यासारखा सलग वाहत नाही, तो ठोक्याठोक्याने निघतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाखालचा धूर झपकन बाहेर पडतो. टिळकवाडीच्या गेटवर थांबून मालगाडी जाताना आपण सगळ्यांनी बघितली आहे; पुढचा डबा मागच्याला ओढत नेतो. धुराचा ठोकाही वेगात पुढे गेला की मागे कमी दाब सोडून जातो आणि त्या कमी दाबात सिलिंडरमधला उरलासुरला धूर ओढला जातो. त्याच वेळी इनटेकचा व्हॉल्व्हही थोडासा उघडलेला असेल, तर ताजी हवा आत यायला मदत होते. याला स्कॅव्हेंजिंग म्हणतात. खरी कमाई असते ती याच्यात.

ओढून नेण्यासाठी ठोक्याला वेग हवा. नळी फार अरुंद असेल तर वरच्या आरपीएमला धूर अडतो आणि पिस्टनला तो ढकलून काढण्यात ताकद घालवावी लागते. फार रुंद असेल तर खालच्या आरपीएमला वेगच राहत नाही. म्हणजे इंजिनाला हवा असतो धुराचा वेग. बॅक प्रेशर इंजिनाला कधीच नको असतं. मोठी नळी लावून ज्यांची खालची ओढ गेली, त्यांनी ‘बॅक प्रेशर गेलं’ असा अर्थ लावला आणि तोच गॅरेजांतून पसरला.

आता आकडे बघा. माझं इंजिन ६००० आरपीएमला अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून मिनिटाला जास्तीत जास्त ३,६०० लिटर हवा घेऊ शकतं. २००० आरपीएमला तेच १,२०० लिटर. कंपनीचा पाइप मी व्हर्निअरने मोजला, आतून ३८ मिमी. आधीच्या मालकाने लावलेला आतून ६० मिमी. वर्तुळाचं क्षेत्रफळ काढलं तर ११ चौरस सेंटिमीटरच्या जागी २८. जागा अडीच पट, म्हणजे तेवढ्याच धुराचा वेग अडीच पट कमी. गावात, घाटात, खानापूर रोडच्या ट्रॅफिकमध्ये आपण चालवतो १५०० ते ३००० आरपीएमवर. ६००० चा फायदा आपल्या वाट्याला वर्षातून किती मिनिटं येतो याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

मॅनिफोल्डच्या नळ्यांची लांबीही याच हिशेबातली. नळी जिथे मोकळी होते किंवा इतरांना मिळते, तिथून दाबाची लाट उलटी फिरते आणि तापलेल्या धुरातून सेकंदाला ५०० मीटरच्या पुढच्या वेगाने व्हॉल्व्हकडे परत येते. ती योग्य क्षणी पोचली तर सिलिंडर आणखी रिकामा होतो, चुकीच्या क्षणी पोचली तर उलटं होतं. हा योग एका ठरावीक आरपीएमच्या पट्ट्यातच जुळतो. म्हणून चारच्या थेट एक केलेल्या, आखूड आणि जाड नळ्यांचा हेडर वरच्या आरपीएमला चालतो. चारच्या दोन आणि दोनाची एक अशी जुळणी मधल्या आरपीएमला बरी. माझ्या गाडीला पहिल्या प्रकारचा होता. रेसिंगच्या गाडीचा मॅनिफोल्ड लावून मी चोर्ला चढत होतो.

३. काहीही उघडण्याआधी मोजून ठेवा

हा टप्पा गाळू नका. आवाज वाढला की गाडी जोरात पळतेय असं वाटतंच, सगळ्यांनाच वाटतं, मलाही वाटलं होतं. कानावर विश्वास ठेवू नका, घड्याळावर ठेवा.

साधी पद्धत अशी. सपाट, मोकळा, सरळ रस्ता निवडा. पहाटेची वेळ, एसी बंद, टाकीत साधारण तेवढंच पेट्रोल, टायरांत तेवढीच हवा. तिसऱ्या गिअरला ताशी ४० किमीवर स्थिर या, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा आणि ८० पर्यंत किती सेकंद लागतात ते शेजारी बसलेल्याला जीपीएसच्या अॅपवर बघायला सांगा. चालवणाऱ्याने मोबाइलकडे बघायचं नाही. जाताना तीनदा, येताना तीनदा, म्हणजे वारा आणि न दिसणारा चढ-उतार एकमेकांत जिरतात. सहांची सरासरी वहीत लिहा.

दुसरं, ओबीडी डाँगल घ्या, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं छोटं यंत्र. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लागतं, ब्लूटूथने मोबाइलला जोडतं. त्यात ‘फ्युएल ट्रिम’ नावाचा आकडा बघायचा, विशेषतः लाँग टर्म. ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, ठरलेल्या हिशेबापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी सोडतोय ते त्यातून कळतं. उणे ५ ते अधिक ५ मध्ये असेल तर उत्तम. १० च्या पुढे गेलं तर कुठेतरी दुखणं आहे.

माझा त्या वेळचा आकडा होता अधिक १८. आणि ४० ते ८० ला लागत होते ११.४ सेकंद.

४. ओढ कमी असेल तर आधी दुखणं शोधा

पुष्कळ लोक ‘पिकअप नाही’ म्हणून सायलेन्सर बदलायला जातात आणि मूळ आजार राहतोच. तीन गोष्टी तपासा.

गळती. सकाळी गार इंजिन चालू करा, मोकळ्या जागेत, बंद गॅरेजमध्ये अजिबात नाही. एकाने मागचं तोंड जाड ओल्या फडक्याने काही सेकंद दाबून धरायचं, दुसऱ्याने बॉनेट उघडून ऐकायचं. फुस्स असा आवाज जिथून येईल तिथे गळती. जोडांवर साबणाचं पाणी टाकलं तर बुडबुडेही दिसतात. माझ्या गाडीत तर एवढं करायचीही गरज पडली नाही. उद्यमबागेजवळच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी टॉर्च मारली, मॅनिफोल्डच्या फ्लँजकडे (जिथे तो बोल्टने जोडतात त्या पट्टीकडे) बोट केलं आणि म्हणाले, ‘हे बघ की, काळं.’ फ्लँजच्या कडेला नखाएवढी काजळीची रेघ होती. पातळ पत्र्याचा फ्लँज तापून वाकला होता आणि पॅकिंग एका बाजूने सुटलं होतं.

एवढ्याशा फटीने काय होतं? धूर ठोक्याठोक्याने जातो हे वर सांगितलंच. दोन ठोक्यांच्या मध्ये नळीत दाब उतरतो आणि त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. पुढे बसलेल्या सेन्सरला जादा ऑक्सिजन दिसतो. तो ईसीयूला सांगतो, पेट्रोल कमी पडतंय. ईसीयू पेट्रोल वाढवतो. मिश्रण खरं तर आधीच बरोबर होतं, त्यात भर पडते. प्लग काळे होतात, अॅव्हरेज पडतं, ओढ जाते. माझा अधिक १८ चा आकडा इथून आला होता. पहिल्या दोन गॅरेजांत मात्र मला इंजेक्टर साफ करायला लावले होते.

फ्लँज सपाट करून नवं पॅकिंग टाकल्यावर आकडा अधिक ४ वर आला आणि वेळ १०.३ सेकंदांवर. एका सेकंदाच्या वर फरक, एकही ‘परफॉर्मन्स’ भाग न लावता.

तुंबलेला कॅटकॉन. प्लग मिस होत असताना गाडी बरेच दिवस चालवली की न जळलेलं पेट्रोल कॅटकॉनमध्ये जाऊन जळतं आणि जाळी वितळते. मग खरोखरच धूर अडतो, वरच्या आरपीएमला गाडी गुदमरते. खात्री करायची तर पहिला सेन्सर काढून त्याच भोकात प्रेशर गेज लावायचं. आयडलला दीड पीएसआयच्या आत आणि २५०० आरपीएमला तीनच्या आत असेल तर कॅटकॉन मोकळा आहे. निव्वळ अंदाजाने ‘कॅट जाम आहे, फोडून टाकू’ म्हणणाऱ्याला गेज लावून दाखवायला सांगा.

तिसरं, साधंच. एअर फिल्टर, प्लग, घासून संपत आलेला क्लच. यावर जास्त लिहीत नाही, पण आधी हे झालेलं असू द्या.

५. कायदा आणि कागद

आपण सीमाभागातली माणसं. सकाळी बेळगावात, दुपारी कोगनोळी ओलांडून कागल-कोल्हापुरात, रविवारी गोव्यात. तीन राज्यांचे पोलीस आपल्याला भेटतात. मोटार वाहन कायदा केंद्राचा, तिन्हीकडे तोच. जागेवर भरायची तडजोडीची रक्कम मात्र राज्याराज्यात वेगळी असते. त्यामुळे ‘आमच्याकडे चालतं’ हे उत्तर नाक्यावर उपयोगाचं नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १२० सांगतो की प्रत्येक गाडीला आवाज कमी करणारा सायलेन्सर असलाच पाहिजे. १९८८ च्या कायद्याचं कलम ५२ गाडीत बदल करण्याबद्दल आहे आणि कंपनीच्या मूळ तपशिलापासून फारकत घेता येत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९० खाली आवाज किंवा धुराची मर्यादा मोडल्यास १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र. परवानगी नसलेले बदल केल्यास कलम १८२अ खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

म्हणून माझं स्पष्ट मत : कॅटकॉन काढू नका, डबा पोकळ करू नका. पॉवरसाठी म्हणाल तर टर्बो नसलेल्या छोट्या गाडीत धड असलेला कॅटकॉन काढून हाताला काही लागत नाही, जाळी पुरेशी मोकळी असते. लागतं ते वेगळंच. दुसऱ्या सेन्सरला कॅटकॉनचं काम दिसेनासं होतं, पी०४२० कोड येतो आणि चेक इंजिनचा दिवा पेटतो. ‘एमिशन’ला गाडी नापास होते. आपल्याकडे बोर्डावर एमिशन टेस्टिंग लिहिलेलं असतं, कोल्हापूरकडे त्यालाच पीयूसी म्हणतात; सर्टिफिकेट एकच आणि देशभर चालतं. आणि ज्या कार्बन मोनॉक्साइडचा निकाल कॅटकॉन लावतो, तो विषारी वायू शाळेच्या रिक्षांमागे उभ्या असलेल्या आपल्याच गाडीतून बाहेर पडायला लागतो.

आवाजाचंही तसंच. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र असतं. तिथे दिवसा ५० डेसिबल, रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४० डेसिबल ही मर्यादा आहे. बेळगावात कॅम्पपासून टिळकवाडीपर्यंत गेलं तरी अशी किती ठिकाणं लागतात ते तुम्हालाच माहीत आहे.

जवळ ठेवायचे कागद :
- आरसी, लायसन्स, चालू विम्याची प्रत आणि एमिशन सर्टिफिकेट (डिजिलॉकरमधलं चालतं)
- बसवलेल्या भागाचं पक्कं बिल, भागावरचा नंबर लिहिलेलं
- काम करण्याआधीचे आणि नंतरचे गाडीखालचे फोटो
- विमा कंपनीला बदल कळवल्याचा मेल. न कळवलेल्या बदलावरून क्लेम अडकू शकतो.
- गाडी वॉरंटीत असेल तर शोरूमकडून लेखी उत्तर. तोंडी ‘काही होत नाही’ पुढे कामाला येत नाही.

६. मग बदलायचं काय?

सगळं वाचून एवढं उरतं : कॅटकॉन आणि दोन्ही सेन्सर जागच्या जागी ठेवून, त्यांच्या मागचा भाग. सडलेला पाइप, फुटलेला डबा, दाबलेला बेंड. तिथे चांगलं काम केलं तर गाडी मूळच्या तोलावर येते, थोडी मोकळी वाटते. माझ्या गाडीला मी शेवटी मूळ मॅनिफोल्ड परत बसवला. आधीच्या मालकाच्या माळ्यावर तो कॅटकॉनसकट पडून होता, हे माझं नशीब. वेळ आली ९.८ सेकंद. मग मागचा डबा बदलून परत मोजलं : ९.७. हा फरक मोजण्यातल्या चुकीएवढाच आहे. मागचा डबा आवाज बदलतो, पॉवर नाही.

यावरून एक सूचना : काढलेला मूळ भाग भंगारवाल्याला देऊ नका. कॅटकॉनला तो लगेच भाव सांगतो, कारण आतले धातू महाग आहेत. तुम्हाला मात्र नवा घ्यायला त्याच्या कितीतरी पट मोजावे लागतील.

पाइपचा व्यास कंपनीच्याच मापाचा ठेवा, फार तर तीन-चार मिलिमीटर वर.

७. पत्रा, बेंड आणि वेल्डिंग

इथे आपला भाग नशीबवान आहे. उद्यमबागेत फाउंड्री आणि मशीन शॉपची परंपरा आहे, मापात काम करणारे हात आहेत. पण मागायचं काय ते तुम्हाला ठाऊक हवं.

पाइप स्टेनलेसचा हवा, ग्रेड ३०४ किंवा ४०९. ४०९ ला लोहचुंबक चिकटतो आणि वरून थोडा तांबूस गंज येतो, पण टिकतो. कंपन्याही तोच वापरतात. ३०४ ला चुंबक चिकटत नाही. सापळा असा, की जिन्याच्या रेलिंगला वापरतात त्या २०२ ग्रेडच्या पाइपलाही चुंबक चिकटत नाही, आणि तो ३०४ म्हणून खपवला जातो. माझा आधीचा पाइप त्यातलाच होता. जोडाच्या दोन्ही बाजूंनी गंजाचे ओघळ उतरले होते. खानापूरकडचा पाऊस आणि गोव्याची खारी हवा त्याला सोसत नाही. पाइपवरचा छापील ग्रेड बघा, बिलावर लिहून घ्या.

बेंड मँड्रेलवर, म्हणजे नळीच्या आत आधार घालून, काढलेला असावा. साध्या दाबाच्या मशीनवर वाकवला की आतल्या बाजूला चुण्या पडतात, नळी चपटी होते आणि घेतलेल्या व्यासाचा अर्थ उरत नाही. मँड्रेल बेंड तयार मिळतात, ते आणून सरळ तुकड्यांना जोडून घ्या.

जोड आर्गन वेल्डिंगने करा. फ्लँज ८ ते १० मिमी जाडीचा कापून घ्या. माझ्यासारखा पातळ पत्रा घेतलात तर वाकणारच. वेल्डिंगच्या वेळी बॅटरीची निगेटिव्ह काढलेली असावी, अर्थिंगचा चिमटा जोडाच्या जवळच लावलेला असावा आणि दोन्ही सेन्सर बाहेर काढून ठेवलेले असावेत. हे तीन मुद्दे मी मिस्त्रीसमोर उभा राहून करून घेतले. ईसीयू जळाला तर सायलेन्सरच्या खर्चाची गंमत निघून जाते.

सेन्सरची आटी १८ मिमीची असते, पाना २२ चा. गंजलेला सेन्सर गार असताना ओढाताण करून काढू नका, इंजिन किंचित कोमट असताना सुटतो. परत बसवताना जोडांना साधा सिलिकॉन लावू देऊ नका. त्याची वाफ सेन्सरला कायमची निकामी करते. सेन्सर पाइपच्या वरच्या अर्ध्या भागात बसला पाहिजे, घड्याळात दहा ते दोन वाजतात त्या पट्ट्यात. खाली बसवला तर नळीत साचलेलं पाणी तापलेल्या सेन्सरवर उडून तो तडकतो.

फ्लेक्सिबल पाइप गाळायचा नाही, हँगरची रबरं नवी घ्यायची, उष्णतारोधक पत्रे जिथले तिथे परत लावायचे. पत्र्यांचं विशेष सांगतो. कॅटकॉन चालू गाडीत ४०० अंशांच्या पुढे तापतो. चिकोडी, रायबाग, अथणीकडे ऊसतोडीच्या दिवसांत शेताच्या कडेला पाचट पसरलेलं असतं. त्यावर तापलेली गाडी लावली आणि पत्रा नसला, तर खालून पेट घ्यायला वेळ लागत नाही. पत्रे असले तरी पाचटावर गाडी लावू नका.

८. घुमणारा आवाज

नवा डबा बसवल्यावर गावात बरं वाटतं, आणि मग एनएच-४८ ला लागलं की ताशी ८०-९० वर डोक्यात घुमायला लागतं. चार सिलिंडरचं इंजिन एका फेऱ्याला दोन ठोके देतं. २७०० आरपीएमला सेकंदाला ९० ठोके होतात आणि गाडीचा टपही त्याच्याशी सूर धरतो. मधला छोटा डबा काढून टाकलेल्या गाड्यांत हे हमखास होतं, कारण तो त्याच कामासाठी असतो. तो ठेवा. आधीच काढलेला असेल तर पाइपला एका टोकाने बंद अशी आडवी नळी जोडून तेवढा सूर मारता येतो. ९० ठोक्यांसाठी तिची लांबी साधारण सव्वा मीटर येते, त्यामुळे छोट्या गाडीखाली ती बसवणं अवघडच. रेझोनेटर परत बसवणं सोपं.

९. टर्बो आणि डिझेलवाल्यांसाठी

टर्बो गाडीत हिशेब बदलतो. ठोके टर्बाइनवर (टर्बोतल्या धुराने फिरणाऱ्या पंख्यावर) आदळून तिथेच मोडतात, त्यामुळे टर्बोच्या मागे जितकं मोकळं तितकं टर्बोला बरं. इथे पाइप मोठा केल्याचा फायदा खरोखर दिसतो. पण बूस्ट, म्हणजे टर्बोने इंजिनात कोंबलेल्या हवेचा दाब, किती द्यायचा ते ईसीयू ठरवतो. नुसता पाइप मोठा करून बूस्ट हाताबाहेर गेला तर गाडी लिंप मोडवर जाते, म्हणजे ईसीयू स्वतःच ताकद कमी करतो. रीमॅप केल्याशिवाय, म्हणजे ईसीयूतला प्रोग्राम बदलल्याशिवाय, अर्थ नाही, आणि रीमॅप केला की वॉरंटी व एमिशन दोन्हींचा प्रश्न उभा राहतो.

एप्रिल २०२० नंतरच्या भारत स्टेज ६ डिझेल गाड्यांत डीपीएफ असतो, काजळी अडवणारा फिल्टर. तो ‘काढून देतो’ म्हणणारे भेटतील. नको. डीपीएफ तुंबतोय कारण गाडी रोज घरापासून बाजारापर्यंत दोन-दोन किलोमीटर चालते आणि काजळी जाळण्याइतकी तापतच नाही. आठवड्यातून एकदा हायवेवर निपाणीपर्यंत जाऊन या, बहुतेक वेळा डॅशबोर्डवरचा डीपीएफचा दिवा आपोआप जातो. दिवा लुकलुकत असताना इंजिन बंद करत राहिलात तर डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइलची पातळी वाढलेली दिसते. तसं दिसलं तर लगेच ऑइल बदला.

१०. बसवून झाल्यावर

पहिल्यांदा चालू केल्यावर वेल्डिंगच्या मळाचा आणि तेलाचा धूर येतो, दहा-पंधरा मिनिटांत जातो. पुढे काचा बंद करून चालवताना डोकं जड वाटलं, मुलांना मळमळलं, तर गाडी थांबवा आणि सगळे खाली उतरा. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डिकीच्या रबराखाली किंवा फ्लोअरखाली गळती असेल तर तो आत येतो.

मूळ डब्याच्या खालच्या बाजूला टाचणीच्या डोक्याएवढं भोक असतं. ते गळतीचं नाही, साचलेलं पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेलं असतं. उत्साही मिस्त्री ते वेल्डिंगने बुजवून टाकतात आणि डबा आतून सडतो. तेवढं त्याला आधीच सांगून ठेवा. पावसाळ्यात मागच्या नळीच्या वर पाणी आलेल्या ठिकाणी गाडी बंद पडली, तर स्टार्टर मारू नका, ढकलून बाहेर काढा.

५०० किलोमीटर झाल्यावर गार गाडीचे फ्लँजचे बोल्ट पुन्हा आवळा. पॅकिंग तापून बसलेलं असतं, अर्धा आटा तरी फिरतोच. फ्लँजच्या कडेला काजळीची रेघ उमटली आहे का ते टॉर्चने बघा. मग डाँगल लावून लाँग टर्म ट्रिम बघा आणि ४० ते ८० पुन्हा मोजा, त्याच रस्त्यावर, त्याच पहाटे. दोन्ही आकडे वहीतल्या जुन्या आकड्यांच्या खाली लिहा. ट्रिम पाचच्या आत नसेल तर मिस्त्रीचा शेवटचा हप्ता देऊ नका.